नांगराचा कागद

चि. सई,


शिडाची होडी घेतलीस आणि मांडव्याला ठेवणार आहेस, हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. पण तू पाठवलेल्या कोटेशनवर ‘नांगर, १५ किलो, प्रमाणित’ असं वाचलं आणि लिहायला बसलो. प्रमाणित म्हणजे नक्की काय, हे दुकानदाराला विचारलंस का?

कागद दोन तऱ्हेचे असतात. एक नमुन्याचा. आपली पवईची इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, लंडनची लॉइड्स रजिस्टर, इटलीची रिना अशी एखादी वर्गीकरण संस्था त्या घडणीचे नांगर समुद्रात ओढून बघते आणि साध्या नांगराच्या दुप्पट धरतात की चौपट, ते लिहून देते. दुसरा कागद त्या एकट्या नांगराचा. तो यंत्रावर ताणून तपासलेला असतो. वजन, क्रमांक आणि संस्थेचा शिक्का लोखंडावरच ठोकलेला असतो. विकणारे पहिला कागद दाखवतात आणि भाव दुसऱ्याचा लावतात. त्यात ही ताणचाचणी साध्या नांगराला साधारण ७५ किलोपासून पुढेच सक्तीची. दुप्पट धरणाऱ्याला ५६ पासून, चौपटवाल्याला ३८ पासून. तुझा पंधराचा. म्हणजे त्याच्यासाठी दाखवतात तो कागद बहुधा त्याच्या थोरल्या भावाचा!

नमुना चांगला म्हणून माल चांगला, असं होत नाही. रोक्ना हा न्यूझीलंडच्या पीटर स्मिथ यांनी आखलेला नांगर, धरायला उत्तम. उत्पादन चीनमध्ये गेल्यावर काही नांगरांच्या दांड्याला ठरल्यापेक्षा कमी ताकदीचं पोलाद वापरल्याचं उघड झालं आणि २०११ च्या सुमारास शिडाच्या होड्यांच्या जगात मोठा गदारोळ उडाला. आकार तोच होता. जस्त चढवल्यावर भारी पोलाद आणि हलकं पोलाद डोळ्यांना सारखंच दिसतं. दांडा वाकला की कळतं.

आपल्याकडे हे जास्त नडतं. मुंबई बंदरात साधारण सहा तासांनी पाणी फिरतं, त्याबरोबर होडी फिरते आणि चिखलात रुतलेल्या नांगराला आडवा हिसका बसतो. सरळ ओढीला बरेच दांडे टिकतात. आडव्या ओढीत लबाडी बाहेर येते.

म्हणून दांडा कुठल्या प्रतीच्या पोलादाचा, ते बिलावर लिहून माग. टाळाटाळ झाली तर समजून जा. मग नांगर उन्हात ने आणि दांडा फाळाला जिथे जोडलाय तिथलं वेल्डिंग बघ: सलग हवं, कडेला खाच नको. तिथे जस्ताचे जाड ओघळ साचले असतील तर सावध हो, खाली काय झाकलंय ते दिसत नाही. सीक्यूआर कोणी स्वस्तात देऊ केला तर जास्तच सावध राहा. जी. आय. टेलर यांनी १९३३ मध्ये काढलेला तो नांगर (हे टेलर म्हणजे द्रवगतिशास्त्रातलं मोठं नाव, नांगर केला तो समुद्री विमानांसाठी) मुळात ठोकून घडवलेला असे. नकला सर्रास वेल्डिंगच्या मिळतात.

आणि नांगर साखळीला जोडायची कडी, शॅकल! नांगरावर हजारो रुपये घालून लोक शॅकल मात्र हार्डवेअरच्या दुकानातून बिनछापाची आणतात. भारक्षमता कोरलेली नसेल तर घेऊ नकोस, आणि पिन तारेने बांध.

पैसे देण्याआधी दांड्यावरचा छाप आणि कागद एकाच फोटोत मला पाठव. क्रमांक जुळतात का, ते मी बघतो.

तुझा,
मामा