पडवीतील माग

वऱ्हाडात कापूस पिकतो; पण वऱ्हाडातील घरांतून मागाचा आवाज केव्हाच मावळला आहे. १८५३ साली हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, हिंदुस्थानच्या कापसाला विलायतेत अपूर्व मागणी आली. रुईच्या गाठी बाहेर जाऊ लागल्या आणि गिरणीचे कापड परत येऊ लागले. विणकराचे हात रिकामे झाले.

असाच एक रिकामा माग गेल्या वर्षी आम्ही अचलपूरकडील एका वृद्ध विणकराकडून दर्यापूरला आणला. त्यांची मुले पोटासाठी शहरात गेलेली. माग जळणात जाणार होता. आमच्या राहत्या घराच्या पडवीत त्याची जुळणी सुरू झाली. सागवानी चौकटीचा एक पाय वाळवीने पोखरला होता, तो सुताराकडून नवा बसवून घेतला. चौकटीची दोन्ही तिरकी अंतरे दोरीने मापली. ती सारखी नसली तर कापड तिरपे जाते. फणीच्या दातांवरील गंज रॉकेलने काढला, नाहीतर सुतावर डाग पडले असते. ताण्याचे धागे उचलणारे जीर्ण सुती फासे एकेक करून नव्याने बांधले. धोटा काचकागदाने घासला, कारण लाकडाचे बारीक कुसळही धागा तोडते.

तरी वैशाखातील कोरड्या हवेत सूत तटातट तुटू लागले. जुने विणकर खड्ड्यात पाय सोडून विणत, तेव्हा जमिनीची ओल ताण्याला लाभे. आम्ही मागाखाली ओली पोती अंथरली. ते वृद्ध गृहस्थ मुद्दाम पाहावयास आले. ताण्यावरून थरथरता हात फिरवून म्हणाले, "फादर, ताणा सारखा नसन, तं धोटा काय करन?" एवढ्या थोड्या शब्दांत कुटुंबजीवनावरील प्रवचन आम्हांला क्वचितच ऐकावयास मिळाले आहे.

पवित्र शास्त्रात विणकाम अनेक ठिकाणी येते. संत योहान सांगतो की, प्रभूचा अंगरखा बिनशिवणीचा, वरपासून अखंड विणलेला होता. म्हणून क्रूसाजवळच्या शिपायांनी तो फाडला नाही, त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. संत पौल करिंथ येथे अक्विला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करी. हातांच्या श्रमाची त्याला लाज नव्हती.

माग चालू झाला, तेव्हा आमच्या भाविकांपैकी एक भगिनी विणकाम शिकू लागली. कर्जाने गांजलेल्या तिच्या पतीने कापसाच्या शेतातच जीवन संपविले. दोन मुले शाळेत आहेत. एके दिवशी तिने विचारले, "फादर, याच्यावर घर चालन का?" आम्ही होय म्हटले नाही. यंत्रमागाच्या स्वस्त कापडापुढे हातमाग टिकणे कठीण आहे, आणि खोटा दिलासा देणे हे धर्मगुरूचे काम नव्हे. वेदीवरील शुभ्र वस्त्राचे पहिले काम मात्र आम्ही तिला दिले, रीतसर मजुरी ठरवून.

दुसरे काम कोण देणार? प्रिय वाचकहो, आपल्या घरी बाळाचा बाप्तिस्मा असेल, मुलांचा प्रथम ख्रिस्तप्रसाद असेल, तर शुभ्र कापड लागतेच. ते बाजारातून आणण्यापूर्वी जवळपासच्या एखाद्या विणकराचे दार ठोठावून पाहावे. तेथे दयेची नव्हे, कामाची वाट पाहिली जात आहे.