स्क्रीन फिरवून
आज स्किल्स लॅबमध्ये इंटर्न मुलांकडून सीपीआरचा सराव करून घेतला. मॅनिकिनला जोडलेली स्क्रीन सगळं दाखवते: दाब 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120. दोन दाबांच्या मध्ये छाती पूर्ण वर यायला हवी, कारण तेव्हाच हृदयात रक्त भरतं. नेमकं हेच मुलं विसरतात. दमली की छातीवर रेलूनच राहतात. स्क्रीनकडे बघताना मात्र सगळी अचूक! म्हणून मी ती फिरवून ठेवते. आधी विचारते, ‘कुठे कमी पडलं असं वाटतं?’ आकडे नंतर. नुसतं ‘छान’ म्हणत नाही, त्यातून हाताला काय कळणार? ‘कोपर वाकतंय’, एवढंच सांगायचं आणि लगेच पुन्हा करायला लावायचं. उद्याच्या बॅचला दर दोन मिनिटांनी माणूस बदलायला शिकवायचंय.