रात्रीचा नंबर

उणे सात नंबर म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. उशाशी ठेवलेला चष्मा शोधायलाही चष्मा लागतो. त्यामुळे लॅसिकच्या शस्त्रक्रियेनंतर तक्त्यावरची खालची ओळ घडाघडा वाचली तेव्हा कॉलनीत पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते मी. ‘सिक्स बाय सिक्स!’ डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, विषय संपला.

रात्री ऑफिसातून स्कूटीवर परत येताना बघते तर समोरच्या प्रत्येक दिव्याला लांबलचक काटे फुटलेले. सिग्नलच्या लाल दिव्याभोवती वलय, तेही शेजारच्या खांबापर्यंत पसरलेलं. दुभाजक त्या उजेडात बुडून गेलेला. समोरून कुणी अप्पर मारत आला की रस्ता ओलांडणारा माणूस अगदी जवळ आल्यावरच दिसायचा. पापणी मिटून उघडली की काटे क्षणभर आखूड व्हायचे, पुन्हा वाढायचे.

संकष्टीला आई गच्चीत चंद्राची वाट बघत उभी होती. चंद्र वर आला तशी मी म्हटलं, “आज खळं पडलंय गं.” “कुठलं खळं? आभाळ तर स्वच्छ आहे,” आई म्हणाली. खऱ्या चंद्राच्या खाली मला एक फिकट जोडचंद्रही दिसत होता. ते मात्र बोलले नाही. बिचारीला उपास सोडायचा होता.

दवाखान्यात उत्तर ठरलेलं, “मशीनवर सगळं उत्तम आहे.” मी म्हटलं, “डॉक्टर, मशीन रात्री गाडी चालवत नाही.” तेव्हा कुठे त्यांनी खोलीतले दिवे घालवून बाहुली मोजली. अंधारात सात मिलिमीटर! मग कागदावर एकात एक दोन वर्तुळं काढली. लेझरने कॉर्नियाला नवा आकार दिलाय तो मधल्या सहा मिलिमीटरच्या वर्तुळात. दिवसा बाहुली आकसलेली असते, उजेड सगळा त्या मधल्या भागातून आत येतो. अंधारात बाहुली फाकली की कडेचा, जुन्या वळणाचा कॉर्नियाही उघडा पडतो आणि तिथून आलेला उजेड पडद्यावर भलतीकडेच पसरतो. नंबर मोठा तितका मध्यभाग जास्त सपाट करावा लागतो. माझ्या नंबराला साधारण ८० मायक्रॉन. कॉर्नियाची सगळी जाडी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक. पण दोष एकट्या बाहुलीचा नाही, असंही ते म्हणाले. कॉर्नियाचा वरचा पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, कापताना कॉर्नियाच्या नसा तुटतात, डोळा कोरडा पडतो, आणि अश्रूंचा थर फाटला की उजेड आणखी फिसकटतो. पापणी मिटल्यावर काटे आखूड का होतात ते तिथं उलगडलं.

मग वाचायचा नादच लागला. लॅसिकमधला एक्सायमर लेझर ऊतींना न जाळता कापतो, हे १९८१ साली आयबीएमच्या प्रयोगशाळेत मद्रासच्या रंगस्वामी श्रीनिवासन यांनी पाहिलं, आणि तेही थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेल्या टर्कीवर! अमेरिकेच्या एफडीएच्या पाहणीत, आधी वलयं न दिसणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांपर्यंत लोकांना लॅसिकनंतर तीन महिन्यांनी ती दिसत होती. फार अडचण झालेले मात्र एक टक्क्याहूनही कमी. म्हणजे मी काही जगावेगळी नव्हते. माझ्या संमतिपत्रात ‘रात्री किंचित त्रास संभवतो’ एवढीच ओळ होती. मी रात्री गाडी चालवते का, हे विचारलं कुणीच नव्हतं. हा राग अजून गेलेला नाही.

सध्या कृत्रिम अश्रूंचे थेंब चालू आहेत. रात्री गाडी काढायची असली तर आधी ब्रिमोनिडीनचा एक थेंब. औषध मूळचं काचबिंदूचं, पण त्याने अंधारात बाहुली फार फाकत नाही. काटे निम्म्यावर आलेत, वलय आहेच. शिवाय तपासणीत पाऊण नंबर उरलेला निघाला, म्हणून रात्रीपुरता चष्माही आलाय. घाटात मात्र अंधार पडल्यावर स्टिअरिंग भावाकडे देते आणि शेजारी बसून समोरच्या ट्रकवाल्यांना डिपर द्यायला सांगते, त्यांना ऐकू जात नसलं तरी.