रोवणीनंतरचा दम

१३ ऑगस्ट, चिमूर
यंदा रोवणीत मामी मागं पडली. बांधावर बसून धापा टाकायची. घरच्यांचं एकच, "वय झालं." या दोन शब्दांखाली आपल्याकडं कितीतरी आजार खपून जातात.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नळी कानाला लावण्याआधीच विचारलं, "आजी, झोपताना उशा किती घेता?" मामी गोंधळली, उशी एकच. मग विचारलं, "सपाट झोपलं की जीव घाबरतो का?"
"झोपतच नाही जी मी. धानाच्या पोत्याले टेकून बसतो."
बाईंनी ते लगेच लिहून घेतलं. आडवं झालं की पायांकडचं रक्त छातीकडे येतं. थकलेल्या हृदयाला ते पुढं ढकलता येत नाही आणि फुफ्फुसांत पाणी साचतं. नडगीवर अंगठा दाबला, खळगा तसाच राहिला. अर्धवट टेकवून मानेची शीर पाहिली, फुगलेली. पाठीत खालच्या बाजूला करकर. माझ्या मते निदान इथंच निम्मं झालं होतं.

१४ ऑगस्ट
आधी हिमोग्लोबिन आणि सिकलसेल. आपल्या भागात दम लागला की पहिला संशय रक्तावर. हिमोग्लोबिन निघालं ११, एवढ्यानं माणूस रात्र बसून काढत नाही. एक्स-रेत हृदयाची रुंदी छातीच्या निम्म्याहून जास्त. ईसीजीही बिघडलेला. लघवीची गोळी सुरू.

१६ ऑगस्ट
गावात १९४२च्या हुतात्म्यांना अभिवादन. दुपारी एनटी-प्रोबीएनपीचा रिपोर्ट आला. हृदयावर ताण आला की ते हा पदार्थ रक्तात सोडतं. १२५च्या आत असता तर दोष बहुधा हृदयाचा नसता. मामीचा २,४००.

१९ ऑगस्ट, नागपूर
इको झाला. डावा कप्पा भरल्यावर त्यातलं किती रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, ते टक्क्यांत मोजतात. मामीचं ३२.
मामा म्हणाले, "म्हंजे नापासच की जी!"
धडधाकट हृदयाचा आकडाही सत्तरीच्या आसपासच थांबतो, हे ऐकून त्यांना जरा बरं वाटलं. ४० किंवा कमी म्हणजे पंप कमजोर. पण काहींचा आकडा ५०च्या वर असूनही आजार असतो. त्यांचं हृदय ताठरतं, नीट भरतच नाही. म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबत नाहीत.

झडपा शाबूत आहेत, म्हणजे लहानपणीच्या संधिवाताच्या तापाचा हा परिणाम नव्हे. धमनीत अडथळा आहे का, ते अँजिओग्राफीत दिसेल. मामीनं फक्त विचारलं, पोळ्याच्या आत घरी जाता येईल का.