यंत्रासाठी लेबल लिहिताना

पोस्ट जरा लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

गेले काही आठवडे यवतमाळात घरी बसून मी एका छोट्या प्रोग्रॅमचं माहितीपत्रक लिहितेय. तो प्रोग्रॅम एकच काम करतो: कोणकोणते सर्व्हर उपलब्ध आहेत त्याची यादी देतो. हे माहितीपत्रक माणूस नाही, एआय एजंट वाचणार आहे. एजंट म्हणजे विम्याचा नव्हे! आपण काम सांगायचं आणि त्यासाठी लागणारी साधनं त्याने स्वतः शोधून वापरायची, असं हे सॉफ्टवेअर. आणि सर्व्हर म्हणजे इथे एकेक सेवा. कोणी हवामान सांगतं, कोणी बाजारभाव, कोणी कीडरोगावर सल्ला देतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' ही खुली पद्धत जाहीर केली. तिच्यात प्रत्येक साधनाला साध्या भाषेतलं वर्णन जोडलेलं असतं. एजंट ते वाचतो आणि कोणतं साधन केव्हा वापरायचं ते ठरवतो. आतला कोड तो सहसा बघत नाही. त्याच्यासाठी ते वर्णन म्हणजेच बाटलीवरचं लेबल.

लेबल म्हटलं की आपल्या जिल्ह्याला २०१७ आठवतं. त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातले २० पेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. कारणं बरीच होती. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाटलीवर माहिती छापलेली असते. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे विषारीपणा दाखवणारा रंगीत खूण-चौकोनही असतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. पण ते बारीक अक्षर धुऱ्यावर उभं राहून वाचणार कोण? आणि मजुराच्या हाती तर बरेचदा बाटली नाही, भरलेला पंपच येतो.

तेव्हा लेबल होतं, पण वाचणारा नव्हता. आता उलटं झालंय. हा नवा वाचणारा प्रत्येक अक्षर वाचतो आणि लिहिलेलं बरेचदा खरं धरून चालतो. नव्या सालगड्याला "कोठ्यातलं औषध आण" एवढंच सांगितलं, तर तो शंका आल्यावर निदान विचारतो तरी, "मालक, कोणतं?" एजंट विचारेलच याची खात्री नाही. जे सापडेल ते घेऊन तो पुढे जाऊ शकतो.

म्हणून "हे साधन सर्व्हरची यादी देतं" एवढं लिहून माझं काम संपत नाही. मी आणखी चार गोष्टी लिहिते.

एक, यादीत नाव आहे म्हणजे ती सेवा कोणी तपासून दिली आहे असं समजू नको.

दोन, यादी रिकामी आली तर "सापडलं नाही" असं सांग. "अशी सेवाच नाही" असं सांगू नको.

तीन, नोंद शेवटची कधी तपासली ती तारीख उत्तरात दे.

चार, नवीन सर्व्हरला जोडण्याआधी माणसाला विचार.

यातलं काय बिघडू शकतं? बाजारभावाच्या सेवेने भाव क्विंटलचा की किलोचा, आजचा की आठ दिवसांपूर्वीचा, हे लिहिलंच नाही असं समजा. एजंट शिळा भाव ठणकावून सांगेल आणि कापसाची गाडी त्या भरवशावर निघेल. फवारणीच्या सल्ल्यात पाण्याचं प्रमाण किंवा "दोन औषधं मिसळू नका" ही ओळ राहिली, तर नुकसान पैशावर थांबणार नाही.

हे फार लांबचं नाही. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं, त्यासाठी ५०० कोटींची तरतूद आहे. ॲप येतील, मराठीत बोलतीलही. माझं म्हणणं एवढंच की शेतकऱ्याला सल्ला देणाऱ्या प्रत्येक सरकारी साधनाचं हे वर्णन जाहीर असावं आणि मराठीत असावं. त्यावर तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद असावं. हे साधन काय सांगू शकत नाही, ते सगळ्यात वर लिहावं. बाटलीवरच्या लेबलला कायदा आहे, मग या लेबलला का नको?

आपल्यातली जी पोरं शेतकरी कंपन्यांसाठी ॲप बनवतात, त्यांनी वरच्या चार ओळी खुशाल उचलाव्यात. आणि घरी कोणी मोबाईलला फवारणीचं विचारत असेल, तर त्यांना पुढचे दोन प्रश्नही शिकवा: "हे कुठून घेतलं? कधीचं आहे?" उत्तर नीट आलं नाही, तर पंप भरण्याआधी जाणत्या माणसाला विचारा.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.