उतरायचे कुठे?

मे महिन्यात मुंबईला जायचे ठरले की उतरायचे कुठे, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता. मदनपुऱ्यात अम्मीची मोठी बहीण, आमची खाला, राहते. चिपळूणला गाडीत बसायचे, दादरला उतरायचे आणि थेट तिच्या दारात. घर एका खोलीचे, वर पोटमाळा. तिची माणसे सहा आणि आम्ही पाच.

गेल्या वर्षी आमचे डोळे उघडले. नळाला पाणी यायचे पहाटे, तेही जेमतेम दीड तास. आम्ही झोपलेलो असताना खालाची सून एकटी पिंपे भरत होती. रात्रपाळी करून आलेला मुलगा जागा नाही म्हणून बाहेर बाकड्यावर पेंगत होता.

मेहमाननवाजी तीन दिवसांची, आणि यजमान अडचणीत येईल इतके मेहमानाने राहू नये, ही पैगंबरांची (स.) शिकवण. तिचा पहिला भाग आम्ही खालाला लागू करत आलो. दुसरा स्वतःला कधी केलाच नाही.

यंदा आम्ही लॉज घेतले. स्वस्त खोली सर्वांत वरच्या मजल्यावर होती. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत उतरतो, म्हणून ती सोडली. दुसऱ्या मजल्यावरची, समोरासमोर खिडक्या असलेली खोली निवडली. पाणी दिवसभर, मशीद जवळ, खालाचे घर दहा मिनिटांवर. सकाळी मुलांना राणीबाग दाखवून उन्हाच्या आत परतता आले. खर्च वाढला, म्हणून आठ दिवसांचा मुक्काम चारवर आणला.

फोनवर हे कळताच खाला गप्प झाली. मग म्हणाली, ‘आता आम्ही परके झालो का?’

अम्मीने फोन घेतला. ‘आपा, मी तुझ्याजवळच राहणार. या चौघांना बाहेर झोपू दे.’

पहिल्या रात्री खालाकडे जेवायला गेलो. दस्तरखानावर हापूसच्या फोडी होत्या. मुलगा पुरती झोप घेऊन उठला होता. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सून वाढत उभी न राहता आमच्याबरोबर जेवायला बसली.

निघताना खाला दारापर्यंत आली. ‘पुढच्या वर्षीही तीच खोली घ्या,’ ती म्हणाली, ‘पण जेवण इथेच.’

‘इन्शाअल्लाह,’ आम्ही म्हणालो.