हमरस्ता, हेवी मेटल आणि मिरजेची जवारी

बेळगावहून निपाणीमार्गे मिरजेला गाडीने जाणार असाल, तर वाटेत काय ऐकायचं ते आधीच ठरवून ठेवा. या वेळी आमच्या गाडीत हेवी मेटल होतं, पण चेलो आणि सतारीवरचं!

काकती ओलांडून वंटमुरी घाटाला लागलो तेव्हा 'अपॉकॅलिप्टिका' लावलं. फिनलंडमधल्या सिबेलियस अकादमीत चेलो शिकणाऱ्या चौघांनी १९९३ मध्ये हा बँड सुरू केला. १९९६ च्या पहिल्या अल्बममध्ये त्यांनी मेटॅलिकाची गाणी फक्त चार चेलोंवर वाजवली. ड्रम नाहीत, गायक नाही. मागच्या सीटवरून आईने विचारलं, "अरे, हे सारंगीवाले एवढे कुणावर चिडलेत?"

संकेश्वर गेलं, तवंदी घाट आला आणि 'सितार मेटल' सुरू झालं. ऋषभ सीन यांच्या या बँडमध्ये सतार आघाडीवर आहे. ही जोडी ओढूनताणून जमवलेली वाटत नाही, त्याला कारण आहे. मेटलमधली 'पॉवर कॉर्ड' म्हणजे मुळात सा आणि प, आपल्या तानपुऱ्यातलेच स्वर. मेटलवाल्यांच्या आवडत्या फ्रिजियन मोडमध्ये रे, ग, ध, नी कोमल असतात, म्हणजे भैरवी थाटाचेच स्वर. गिटारचा आवाज यंत्राने मुद्दाम फाडतात, त्यातून वरचे सूर उसळतात. सतारीत हेच काम घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठभागावर घासणारी तार करते. ती जवारी.

निपाणीत चहाला थांबलो. पाट्या कन्नडमध्ये, गप्पा मराठीत, हिशेब दोन्हींत. आम्हा सीमाभागातल्यांना बंगळुरात 'महाराष्ट्रवाले' म्हणतात आणि पुण्यात 'कर्नाटकी'. या संगीताचंही तसंच. बैठकीत बसणाऱ्यांना तो गोंगाट वाटतो, मेटलवाल्यांना फ्यूजन. वेदगंगा ओलांडली, कोगनोळी नाका गेला, राज्य बदललं. गाडीतलं गाणं मात्र तेच चालू होतं.

मिरजेची सतारमेकर गल्ली म्हणजे भोपळे, लाकूड आणि पॉलिशचा वास. हे भोपळे पंढरपूरकडून येतात. इथल्या धंद्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी केली. घराणं शिकलगारांचं, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्यांचं! हत्यारांचं काम संपत आलं आणि तेच हात तारांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

एक वयस्कर कारागीर जवारी काढत बसले होते. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, कान द्यायचा, पुन्हा कानस. समोर मोजपट्टी नाही की मीटर नाही. त्यांना मोबाइलवर 'सितार मेटल' ऐकवलं. ते हसतील किंवा वैतागतील असं वाटलं होतं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "जवारी कुणी काढलीय?"

आईला तो प्रश्न फार आवडला. मलाही. ताना वाजवा नाहीतर मेटल, त्या हातांशिवाय सतार बोलायची नाही. हे काम पुस्तकातून येत नाही, शेजारी बसून वर्षानुवर्षं ऐकावं लागतं. गिटार मागणाऱ्या आपल्या पोरांनी सतारीवरचं मेटल ऐकून या गल्लीची वाट धरली, तर त्या कानसीला पुढेही काम राहील.

रेल्वेने जाणार असाल तर बेळगाव सोडताच सुळेभावी लागेल. कुमार गंधर्वांचं हे जन्मगाव. खिडकीची जागा धरा, आणि पोरांना सोबत न्या.